आधी कोणाकडे जाल?

१२ फेब्रुवारी २००७

माझ्याबरोबरची नर्स छाया आज जेवणाच्या सुट्टीत परीक्षेचे प्रश्न विचारत होती. "चार पेशंट आहेत. आधी कोणाकडे जाशील?" चार! आमच्या वॉर्डात सकाळी तीस होते, आणि मी एकटी. ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याच्याकडे— हा पर्याय अमेरिकेच्या नर्सिंगच्या परीक्षेत नसतोच.

छाया माझ्यापेक्षा हुशार. तिच्या घरचे तिला परीक्षेला बसू देत नाहीत. माझ्या घरचे मला पुस्तकावरून उठू देत नाहीत. उठले तर फक्त पोळ्या करायला.

१९ फेब्रुवारी

नवऱ्यानं, मनोजनं, नोकरी सोडली. विचारलं नाही, सांगितलं! "तिकडं जायचंच आहे, मग इथं कंपनीत कशाला मरू?" माझी परीक्षा अजून व्हायचीय.

सासूबाई भाजी निवडत राहिल्या. लेक म्हणेल ती पूर्व दिशा!

२ मार्च

पुस्तकात कुठलाही पेशंट चिडला की बरोबर उत्तर एकच— त्याला काय वाटतंय ते विचारा, शांतपणे ऐका. म्हटलं, करून बघू. सहादूबाबा पायाचं ड्रेसिंग करू देत नव्हते. साखरेनं दोन बोटं गेलीत. मी खुर्ची ओढून बसले. "बाबा, काय वाटतंय तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "पोरी, भ्या वाटतं. मळ्यात आता कसा उभा राहू?" आणि रडायला लागले. खूप वेळ बोलले. मग आपणहून पाय पुढे केला.

तेवढ्यात मेट्रन! "गप्पा मारायचा पगार घेतेस का? पाच नंबरचं सलाईन संपलंय!" सगळ्या वॉर्डासमोर. वर लेखी खुलासा मागितला.

पुस्तकात मला पूर्ण मार्क.

१५ मार्च

कंटाळा. झोप. पुस्तकातलं पोटॅशियम. पोळ्या.

२३ मार्च

मनोज दिवसभर गंगापूर रोडला मित्राच्या दुकानात बसतो. अमेरिकेतली हवा, गाड्या, पगार— सगळं त्याला पाठ. आज चारचौघांत म्हणाला, "आम्ही परीक्षा देतोय." आम्ही!

घरी येऊन मला, "आज किती प्रश्न झाले?" मी म्हटलं, चहाचं भांडं तरी घासशील का? तर म्हणे, "तू टेन्शन घेऊ नकोस." भांडं तसंच.

७ एप्रिल

सकाळी सासूबाई ओट्याला धरून उभ्या. घामानं ओल्या. "जबडा दुखतोय गं. पाठ भरून आलीय." मनोज पेपर वाचत म्हणाला, "पित्त असेल. सोडा दे." मी एकदा बघितलं आणि समजले. छातीत काहीच दुखत नव्हतं त्यांच्या. बायकांना हार्टचा झटका असाच येतो कधी कधी, ते काय पुस्तकात वाचायला हवं होतं? अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, रिक्षा बोलावली. मनोज शर्ट शोधत होता!

आमच्याच हॉस्पिटलात नेलं. झटकाच होता. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. कुणी आणलं ते नाही म्हणाले.

८ एप्रिल

परवा मुंबईला परीक्षा. मी म्हटलं, तारीख पुढे ढकलते. आई आयसीयूत आहेत. मनोज त्यांच्या कॉटशेजारीच भडकला. "वेड लागलंय का? आईला बघायला नर्स आहेत इथं! तू नापास झालीस तर मी काय करू?"

मी काय करू! आई वाचली का, हे नंतर.

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते.

९ एप्रिल

छाया म्हणाली, "तू जा. मी ड्युटी बदलून घेतलीय, तुझ्या सासूजवळ मी बसते." तिचा हात धरला तर म्हणाली, "रडू नकोस, मला चीड येते." तिनं ही परीक्षा द्यायला हवी होती. जाते.

१० एप्रिल

मधेच कॉम्प्युटर बंद पडला. मला वाटलं बिघडला. पुरेशी उत्तरं झाली की पेपर असाच संपतो म्हणे. पास का नापास, कळत नाही. परतीच्या बसमध्ये इगतपुरीपर्यंत रडले. मनोजचे तीन फोन— पेपरचेच.

२४ एप्रिल

सासूबाई घरी. मी अंघोळ घालते, गोळ्या देते. त्या एकदाच म्हणाल्या, "हात हलका हाय तुझा." लग्नाला नऊ वर्षं झाली. हे पहिलं!

१६ मे

पास.

मनोज नाचला, पेढे आणायला पळाला. तो जिना उतरला तशा सासूबाई उठून बसल्या. म्हणाल्या, "दार लोट." लोटलं.

"त्याचा बाप असाच होता. जन्मभर मी झेंडूची पाटी डोक्यावर वाहिली, त्यानं पारावर बसून खाल्लं. मला कुणी सांगितलं नाय, म्हणून तुला सांगते. तू एकटी जा. त्याला नेऊ नको. हितं मी बघते त्याच्याकडं."