तेकोआची जागा

२ ऑगस्ट, शुक्रवार

पोचलो एकदाचा. बोट खडकावर आपटेल, ट्रंक भिजेल, किनाऱ्यावर कुणीच नसेल, अशी तीन दिवस धास्ती होती. यातलं काहीच झालं नाही. ट्रंक कोरडी आहे, भेट म्हणून आणलेली तंबाखूही कोरडी आहे. एका धिप्पाड बाईने मला बोटीतून उचलून, गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर आणून ठेवलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं की पाहुणा सुकलेल्या मासळीएवढाच भरतो, ह्याला आधी खायला घाला. सगळे हसले. मीही हसलो. फार दिवसांनी हसलो.

नीरफणस भाजलेला, मासा, भात आणि माडाची गोड ताजी नीरा. दोनदा वाढलं.

ही वही आमच्या पाद्रीबाबांनी निघताना दिली. मी मिशनच्या शाळेत तीन इयत्ता शिकलो, तेवढ्यावर लिहितो. ते म्हणाले, बैतेके, तुझा जीव सदा टांगलेला असतो, रोज थोडं लिहीत जा, हलकं वाटेल. मार्चमध्ये बायको गेली आणि तिच्या भावांना त्यांची जमीन आठवली. कुणी जा म्हटलं नाही. फक्त माझी ट्रंक रोज थोडी थोडी दाराकडे सरकत गेली.

म्हणून बिकेराईला आलो. इथे माझी जागा आहे. म्हणजे उद्या कळेल.

३ ऑगस्ट, शनिवार

जागा मिळाली.

सकाळी मानेआबात म्हाताऱ्या मंडळींसमोर उभं केलं. इथलं हे सभाघर आमच्या गावच्यापेक्षा मोठं आहे. छप्पर इतकं खाली उतरलेलं की वाकून आत जावं लागतं, आणि भर दुपारीही आत संध्याकाळ असते. प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली, बापाकडून मुलाकडे आलेली. ज्याला जागा नाही तो सभेत बोलू शकत नाही, आणि मेल्यावर त्याच्यासाठी खड्डा कुणी खणायचा यावरून लोक एकमेकांकडे बघतात. मला आता त्रेसष्टावं लागलं आहे. मला त्या खड्ड्याचीच काळजी.

गावचा मुख्य म्हातारा तिमेऑन. एक डोळा पांढरा झालेला, पण उरलेला दोघांचं काम करतो. त्याने कूळ विचारलं. मी तेकोआचं कूळ सांगितलं, दूरच्या नात्याने मीही त्याच कुळातला म्हणालो, आणि आठ पिढ्यांची वंशावळ न अडखळता म्हणून दाखवली. युद्धात खाणीच्या बेटावर इथलाच तेकोआ दोन वर्षं माझ्या शेजारी झोपत होता. घरची आठवण आली की हीच नावं म्हणायचा. माझ्या सख्ख्या आजोबांपेक्षा मला त्याचे पाठ आहेत.

मग जागा विचारली. समुद्राच्या बाजूला, तिसऱ्या खांबाखाली, असं सांगितलं. सगळे त्या खांबाकडे बघू लागले. ती बाजू पूर्ण रिकामी आहे. अकरा जागा, अकरा चटया. खाणीवर गेलेल्या अकरा जणांच्या. एकही परत आला नाही. तिमेऑनने कुणाकडे तरी पाहिलं आणि मला म्हणाला, बस.

बसलो.

५ ऑगस्ट, सोमवार

राहायला रोतियाकडे आहे. ती तेकोआची धाकटी बहीण. मला दादा म्हणते. तेकोआ गेला तेव्हा ती चौदाची होती, आता तोंडात चार दात आहेत आणि चारही बोलतात. सकाळी म्हणाली, दादा, तुम्ही इतके खोकता की माझ्या कोंबड्या अंडी धरून ठेवतात. नंतर स्वतःच कढत पाणी आणून दिलं.

भावाबद्दल काही विचारत नाही. विचारील म्हणून मी रोज उत्तर तयार ठेवतो.

चटई ओली होती. माझी नाही, ओळीतली कडेची. छप्पर गळत असेल.

८ ऑगस्ट, गुरुवार

छप्पर गळत नाही. चार महिने इथे पाऊस नाही, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तरी आज पाच चटया ओल्या. सगळी चटई नाही, मांडी घालून माणूस बसेल तेवढीच. बोट लावून चाखलं. खारट.

तिमेऑनला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारपणी माणसाला सगळीकडे ओलच दिसते, आधी स्वतःखाली बघ. मंडळी खूप हसली. मी बघितलं. माझी कोरडी आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

रेडिओवर युद्ध संपल्याची चाळीस वर्षं चालली आहेत. तरावाची लढाई पुन्हा सांगितली. तीन दिवसांत किती मेले, कोणत्या बाजूचे किती, सगळं पाठ आहे जगाला. तिथे तोफा गंजत उभ्या आहेत, लोक येऊन फोटो काढतात, शिळेवर नावं कोरली आहेत. मोठ्यांची लढाई होती ती.

आमचं कुणी सांगत नाही. आम्ही लढलोच नव्हतो. आम्ही खणत होतो, बेट बळकावलेल्या सैन्यासाठी मासे धरत होतो आणि उपाशी मरत होतो. त्यांचा राजा रेडिओवर हरलो म्हणाला, त्यानंतर पाच दिवसांनी त्यांनी आम्हाला कड्यावर नेलं. मागे साक्षीदार नको होते. युद्ध संपलेलं आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना होतं. तारेने हात बांधले. डोळ्यांना फडकी.

बरोबरच्या बायकांना गाणी ऐकायची होती म्हणून रोतियाने रेडिओचं बटण फिरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज सभा होती, विहिरीबद्दल. मी माझ्या जागी बसलो होतो. बाकीच्या दहाही चटया ओल्या, पण ते फक्त मला दिसतं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. वीसला खाणीवरच्या माणसांचं स्मरण करायचं ठरलं आणि त्या दिवशी मी उभं राहून सगळं सांगायचं. ते ठरत असताना शेजारच्या कुळातला एक माणूस आमच्या ओळीकडे सरकला आणि मध्येच थांबला. कुणाला धक्का लागू नये म्हणून थांबतो तसा. अंग चोरून बसला. तिथे कुणी नव्हतं. त्याने वळूनही पाहिलं नाही. पोरी नीरेची वाटी फिरवत होत्या, त्याही प्रत्येक चटईपुढे पाय आखडून गेल्या.

म्हणजे त्यांच्या अंगाला कळतं. डोळ्यांना कळत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रोतियाने विचारलं. अखेर विचारलं. मासे साफ करत होती, मान वर केली नाही.

“शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का, दादा?”

“मी होतो,” मी म्हणालो.

हे खरं आहे. पुढचं तयार ठेवलेलं सांगितलं. गोळी लागताच गेला, त्रास झाला नाही, तुझं नाव घेतलं. ती बराच वेळ एकच मासा खरवडत राहिली. मग म्हणाली, बरं झालं.

१४ ऑगस्ट, बुधवार

मनगटांवर वळ आहेत. दोन्ही. बारीक, तारेचे. मी रात्री कुठे हात अडकवला असेल.

१५ ऑगस्ट, गुरुवार

माझी चटईही ओली. उजवी अर्धी. डावीकडे मी बसतो, उजवीकडे—

कुणीतरी खांद्याला खांदा लावून बसलेलं असतं. थंड. ढकलत नाही. नुसतं टेकतं, गर्दीत टेकतात तसं.

परतीची बोट बुधवारी येते. एकवीसला. त्याआधी नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आवाज तोच. चाळीस वर्षांत त्याचं वय वाढलेलं नाही.

म्हणाला, सरक जरा.

१७ ऑगस्ट, शनिवार

सभाघरात गेलो नाही. रोतियाच्या झोपडीत बसलो. बसायच्या फळीवर उजवीकडे ओल.

सरक जरा.

कुठे सरकू? लिहितो, म्हणजे एकदाचं लिहून होईल. त्यांनी गोळ्या झाडायच्या आधीच मी पडलो. घाबरून पडलो, शूर म्हणून नाही. खाली पाणी होतं, कड्याच्या पायथ्याला कपार होती. तार सुटली. कपारीत शिरलो, पाणी छातीपर्यंत. तेकोआ आला. खांदा फुटलेला, हात मागे बांधलेले, पायांनी पोहत आला. पोचला. हनुवटी खडकावर टेकवली, हातच नव्हते धरायला. वर ते लोक बोलत होते, अजून खाली बघत होते. तो हळूच म्हणाला, सरक जरा.

मी म्हणालो जागा नाही.

मग मी पाय लावला आणि ढकललं.

१८ ऑगस्ट, रविवार

सगळे प्रार्थनेला गेले. रोतिया गेली नाही. तिला सांगितलं. सगळं. पाय लावल्याचंही. रडेल, मारेल, गावाला बोलावील असं वाटलं. बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

तिने कमरेच्या कापडाला हात पुसले. दादा म्हणाली नाही.

“ती जागा रिकामी नव्हती रे. राखलेली होती. ज्यांना माती मिळाली नाही त्यांच्या जागेवर जिवंत माणूस बसत नाही, आमच्यात कुणीच बसत नाही. आईने मरताना सांगून ठेवलं होतं, ती जागा मागायला एक जण येईल. त्याला काही विचारू नका. बसू द्या.”

तिमेऑनला माहीत होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू वंशावळ म्हणालास ना, त्यात तेकोआची एक लहानपणची चूक आहे, आठ नावांत एक उलटं. जगात तो एकटाच तसं म्हणायचा.

मग तिने मला जेवायला वाढलं. तेच वाईट वाटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

कुणी वाईट बोलत नाही. तिमेऑनने आज थट्टा केली नाही. वाट सोडतात. माझ्यासाठी नाही. माझ्या उजव्या बाजूसाठी.

तार घट्ट होते आहे. पेन्सिल धरवत नाही.

उद्या त्याला जागा परत देईन. चटई, तंबाखू, सगळं. म्हणेन, ही तुझी. बोटीने जाईन. कुठेही. उघड्यावर मरेन—

२० ऑगस्ट, मंगळवार

भर दुपार. सगळे बाहेर बसले आहेत, सभाघराकडे तोंड करून. आत कुणी नाही. आत सगळे आहेत. ओळ भरली आहे.

तंबाखू ठेवली. म्हणालो, ही तुझी जागा, मी उठतो.

सरक जरा म्हणाला. सरकलो. पुन्हा म्हणाला. सरकलो. पाठीला खांब लागला.

आता उठतो म्हणालो तर—

रागावला नाही. त्याला राग येत नाही, हेच— म्हणाला, बस. जागा आहे. दोघांची होती.

होती. दोघांची होती. मला तेव्हाही माहीत—

वही भिजते आहे. पाणी कुठून, भरती नाही, चटईखालून— मांडीपर्यंत. तार हात मागे ओढते आहे, एकच हात मोकळा. बाहेर रोतिया दिसते, तिला हाक मारली, ती बघते आहे, उठत नाही—

छातीपर्यंत. वही वर धरली आहे. हनुवटी टेकायला काही— तेकोआ, सरक, जरा सर—