बस नको म्हणून बंद

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकाच शहरात राहून बहीण-भाऊ पत्रं लिहितात, म्हणून टपाल खात्यातला कारकूनही आता मला बघून हसतो. पण फोनवर मी गिऱ्हाईक आलंय, नंतर करतो म्हणतो आणि ते नंतर कधी उगवत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. पत्रात निदान गिऱ्हाईक आडवं येत नाही.

ताजी बातमी अशी की तुझा भाऊ व्यापारी संघाचा चिटणीस झाला. पात्रता म्हणशील तर माझ्या दुकानात खुर्च्या जास्त आहेत आणि चहा मी पाजतो. पालिकेने नवा कर काढलाय. दुकानात जितकी माणसं कामाला, तितका कर, आणि त्या पैशातून शहरात नव्या बस, नवे थांबे. आमचं म्हणणं, बस लोकांच्या आणि भुर्दंड आम्हाला का? शाळेच्या गणवेशांना काजं करण्यात जन्म गेला माझा, पण परवा सभेत असा काही बोललो म्हणून सांगू! बसमधून उतरणारा माणूस रुमालसुद्धा घेत नाही, खरं गिऱ्हाईक गाडीतून येतं, असं ठणकावलं. टाळ्या पडल्या. तुझी भावजय म्हणाली, की घरात कधी एवढं बोलला असतास तर आपलं भांडण तरी रंगलं असतं.

भाचा काय म्हणतो? तुझा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, वाढला तर कळव.

तुझा धाकटा,
बटण

९ मार्च

चि. बटणास,
अ. उ. आ.

चिटणीसपदाबद्दल अभिनंदन. चार वर्षांचा असताना बटण गिळून सगळं घर डॉक्टरकडे पळवलंस, तेव्हाच मी ओळखलं होतं की हा पुढे लोकांना कामाला लावणार.

गुडघा आहे तसाच आहे. खरी अडचण त्याची नाही, बसची आहे. पूर्वी आमची बस पूल ओलांडून तुमच्या बाजारातून जायची. बाजारात गाड्यांची इतकी गर्दी, की दोन वर्षांपासून ती अलीकडूनच मागे फिरते. पूल चालणं मला जमत नाही. डॉक्टर पलीकडे, वाचनालय पलीकडे, तूही पलीकडे. आठवड्यात दूधवाल्याशी जे बोलते तेवढंच बोलणं होतं.

तुझा भाचा कायमची आमच्याकडे ये म्हणतो. खोलीला रंगही दिलाय. इथल्या घराला त्याने भाडेकरू बघितलाय आणि महिनाअखेर उत्तर हवंय. सूनबाई गुणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण परक्या गावात न जाणारी पाहुणी होऊन राहायचं माझ्या जिवावर येतं. तो कर मंजूर झाला तर आमची बस पुन्हा पुलापार जाईल, असं पालिकेचे लोक सांगून गेलेत. तू माझ्यासाठी काही कर असं मी म्हणत नाही. तुझं दुकान, तुझी माणसं, तू तुझं बघ.

बाकी क्षेम. आशीर्वाद नेहमीचेच, त्यांना कर नाही.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चहा गार झाला. इकडे आड तिकडे विहीर, आणि आड मीच खणलेला. सोमवारी बाजार बंद ठेवायचं ठरलंय. कल्पना कोणाची? माझी. बाजार थांबला म्हणजे शहराला आपली किंमत कळेल, हे वाक्यही माझंच. आता माघार घ्यावी तर लोक शेपूट घातलं म्हणतील.

तुला गाडीतून आणायला आलो असतो. पण इथली रीत तुला माहीत नाही. प्रत्येक दुकानदार उजाडताच येऊन दुकानापुढे गाडी लावतो आणि दिवसभर हलवत नाही. हलवली की शेजाऱ्याने जागा घेतलीच. माझ्या गाडीखाली गवत उगवायचं तेवढं राहिलंय.

जाऊ नकोस एवढंच लिहायला बसलो होतो. तोंडाने तुझ्या बसविरुद्ध बोलतो आणि हाताने हे लिहितो, तेव्हा हाताचं ऐक.

बटण

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारची माझी शोभा तू डोळ्यांनी पाहिलीस, तरी माझ्या बाजूने ऐक. मी बंद दुकानापुढे खुर्ची टाकून, 'बस नको, कर नको' असा फलक धरून बसलो होतो. रस्त्यावर एकही गाडी नाही, कारण दुकानदार आपापल्या गाड्यांसकट घरी, माझीही गाडी घरीच. आमचा बंद यशस्वी झाला तो असा, की मोकळा रस्ता बघून ड्रायव्हरने तुमची बस थेट पूल ओलांडून आणली आणि माझ्या गाडीच्या जागेवर उभी केली. तीच थांब्याची मूळ जागा, हे मी सोयीने विसरलो होतो. आणि उतरलीस कोण, तर तू! फलक कुठे लपवावा ते कळेना. वर तू परतीची बस किती वाजता म्हणून मलाच विचारलंस.

तुझ्यामागून एक बाई उतरली. तिला तीन मुलांचे गणवेश हवे होते. दुकान बंद बघून आल्या पावली गेली. बसमधला माणूस रुमालसुद्धा घेत नाही म्हणालो होतो, त्याचं हे उत्तर.

काल पालिकेत सुनावणी झाली. भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं. मी म्हणालो, की रस्ता आमच्याच गाड्यांनी अडलाय, पहिली गाडी माझी. कर मी भरेन. पलीकडे माझी बहीण राहते आणि मला ती इथे हवी आहे. एवढं बोललो आणि घसा दाटला, खाली बसलो. संघाने संध्याकाळीच चिटणीसपद काढून घेतलं, खुर्च्या मात्र अजून माझ्याच वापरतात. कर मंजूर झालाय. पण नवी बस यायला वर्ष लागेल म्हणे. महिनाअखेर तर आलीच. आता तुला थांब म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?

तुझा,
बिनपदाचा बटण

२५ मार्च

चि. बटणास,
अ. उ. आ.

तू भर सभेत रडलास हे शेजारीण सांगून गेली. तू पत्रात नुसता घसा दाटला लिहितोस. लबाड.

चिरंजीवांना येत नाही म्हणून कळवलं. भाडेकरूलाही नकार कळवला. सुट्टीत महिनाभर जाऊन त्या रंगवलेल्या खोलीत राहीन, म्हणजे मुलाला वाईट वाटणार नाही. बसची वाट बघायला वर्ष काही फार नाही.

एक मात्र विचारते, रागावू नकोस. इतकी पत्रं झाली, माझा गुडघा झाला, बस झाली, तुझी गाडी आणि तिची जागा झाली. या सगळ्यात तू स्वतः चालत यावंस हे ना तुला सुचलं ना मला. मी तर जन्मभर भूगोल शिकवला. पूल तुझ्याकडूनही तेवढाच लांब आहे आणि तुझे गुडघे धड आहेत. रविवारी ये. लोभ लिहून पुरे झाला, आता येऊन समोर बस.

ताई