हैबतरावांचं वेगळं पान

मी, खाली सही करणारी हेमा सदाशिव आंबेरकर, वय वर्षे ७१, टेलिफोन खात्यातून निवृत्त, अविवाहित, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचूनही माझा धाकटा भाऊ गुरुदत्त शंका काढेल, पण त्याला इलाज नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण आपण नेमके कोण, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

१. राहतं घर. ठाकुर्लीची सदनिका मी माझ्या पगारातून घेतली. ती माझ्या पश्चात माझी भाची, गुरुदत्तची मुलगी मैथिली हिला एकटीला मिळावी. तिनं ती विकावी, भाड्यानं द्यावी, किंवा लग्न करून तिथं राहावं. कोणाशी, ते तिचं तिनं ठरवावं. गुरुदत्तला या घरात हक्क नाही. आरामखुर्ची त्याची, रविवारी येऊन बसण्यापुरती, चहासह.

२. शिल्लक. बँकेत व पोस्टात जे काही निघेल त्यातलं निम्मं गुरुदत्तला, कारण काही झालं तरी पाठचा भाऊ आहे. निम्मं ठाण्यातल्या आमच्या मोडी लिपीच्या वर्गाला. निवृत्तीनंतर मी तिथं पोराटोरांत बसून अक्षरं गिरवली. सर फार रागवायचे, पण शिकवलं छान.

३. तलवार. दर खंडेनवमीला आम्ही जिची पूजा करतो ती गुरुदत्तला द्यावी. एका जाणकार बाईंना ती मी दाखवली होती. त्यांनी उलटसुलट करून सांगितलं, की नवरदेवाच्या हातात शोभेला देतात त्यातली आहे. गुरुदत्तला हे मी आजवर सांगितलं नाही. आता कळेलच.

४. घराणं. हे कलम कायद्यात बसत नाही असं वकील म्हणाले. नसेना का बसत.

आमचे वडील येईल त्या पाहुण्याला सांगत, की आपण सरदार हैबतरावांचे वंशज. त्यांचा मुलगा रामजी कोकणात आंबेर गावी उतरला, म्हणून आपण आंबेरकर. वंशावळीचा तक्ता त्यांनी काचेत लावून घेतला होता. १९७८ साली आमच्या खात्यातले लाइनमन श्री. काळुराम भोईर, राहणार मानपाडा, मला रीतसर मागणी घालायला आले. मला ते पसंत होते. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "सरदाराची लेक खांबावर चढणाऱ्याला देऊ?" मी स्वयंपाकघरात उभी होते. ते वाक्य ऐकलं आणि हातातली कपबशी धुवून जागेवर ठेवली. पुढं आलेल्या प्रत्येक स्थळाची कुळी कमीच पडली. आमचं घराणं इतकं उंच, की त्याला जिनाच नव्हता. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, ते लपवत नाही.

पण लहानपणापासून एक प्रश्न मला छळत होता. पितृपक्षात आमच्याकडे सगळ्या पूर्वजांची पानं एका ओळीत वाढतात, आणि हैबतरावांचं तेवढं वेगळं, उंबऱ्याजवळ. मूळपुरुष, आणि ओळीत नाही? आईला विचारलं, तर म्हणायची, मोठ्या माणसांची पंगत निराळी असते. हे उत्तर मला कधी पटलं नाही. ज्याच्यापायी मी घरात राहिले तो माणूस आहे तरी कोण, हे एकदा बघायचंच होतं. म्हणून तर मोडी शिकले.

पुण्याच्या दप्तरात हाती काही लागलं नाही. मग मैथिलीला घेऊन त्र्यंबकेश्वरला गेले. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी असते. कोण आलं, कोणासाठी काय केलं, सगळं. आमच्या गावाची चोपडी निघाली. मैथिलीनं मोबाइलचा उजेड धरला आणि मी वाचलं. रामजी सापडला. त्याच्या बापाचं नाव लिहिलेलं होतं, आजाचंही, आणि त्यांत हैबतराव कुठंच नव्हते. ते खाली, वेगळे. हैबतराव, धनी. पुत्र नाही. भाऊबंद आले नाहीत. धर्मपिंड दिला रामजी हुजऱ्यानं.

उपाध्यांनी समजावलं, की बाप, आजा, पणजा यांचे पिंड आधी. ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही पण ऋण आहे, त्याचा धर्मपिंड शेवटी आणि वेगळा. म्हणजे पान बरोबर जागी होतं. चुकलो ते आम्ही. रामजीच्या नातवंडांनी दरवर्षी परक्याला जेवू घातलं, आणि तो आपलाच असणार असं धरून चालली. मैथिली म्हणाली, "आत्या, आपण सरदार नाही. सरदारांना पाणी देणारे आहोत."

आधी मला भयंकर राग आला. मग रागापेक्षा नवल वाटू लागलं. ज्या धन्यासाठी सख्खे भाऊ आले नाहीत, त्याच्या अस्थी घेऊन हा हुजऱ्या त्र्यंबकला का आला असेल? हैबतरावांनी त्याचं असं काय भलं केलं होतं? याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तो शोध, माझं भिंग आणि मोडीच्या नकला मी मैथिलीला देते.

काळुरामांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. त्यांच्या पत्नी बायजा वारल्यापासून त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "हेमाबाई, तुमच्या बापसाला हे तेव्हा कुणी सांगायला पायजे होतं."

५. पान. हैबतरावांचं पान बंद करू नये. ते मैथिलीनं याच घरात, उंबऱ्याजवळच वाढावं. ते आपले कोणी नाहीत, हे माहीत असूनही वाढावं.

६. दहावा. पिंड गुरुदत्तनं द्यावा. आता ऐक, गुरुदत्त. मैथिलीनं कळव्याच्या प्रीतमचं नाव काढलं, तेव्हा तूही म्हणालास, "सरदाराची लेक कारखान्यातल्या फिटरला देऊ?" वडिलांचा शब्द तू जपून ठेवलास, फक्त माणूस बदललास. नामावळीची नक्कल तुला दाखवली, तर म्हणालास की उपाध्यांची चूक असेल. ठीक आहे. माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर सगळे माझ्या राहिलेल्या इच्छा आठवू लागतील. कोणी मला काय आवडायचं ते सांगेल, कोणी दागिन्यांचं काढेल. तू त्यांचं ऐकू नकोस. हात जोडून एवढंच म्हण, की मैथिलीचं लग्न प्रीतमशी मी उभा राहून लावून देईन. आणि खरं म्हण. मी तिथंच कुठंतरी झाडावर असेन, आणि तुझा खोटा स्वर मला लहानपणापासून ओळखू येतो.

७. घरचा पिंड झाल्यावर कोणाला माझ्यासाठी धर्मपिंड द्यायचा असेल, तर त्यांना कोणी अडवू नये. ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीला राहू नये, असं वकील म्हणाले. म्हणून या गृहस्थांना मी घर, पैसा, भांडं, काही ठेवलेलं नाही. त्यांचं नाव वर येऊन गेलं आहे. सही खाली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातलं काही खोडलं नाही.

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: ८ सप्टेंबर २०२५, पितृपक्ष, प्रतिपदा

(सही) हेमा सदाशिव आंबेरकर

हेमाताईंनी आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:

साक्षीदार १: (सही) डॉ. अक्षदा निमकर, ठाकुर्ली
साक्षीदार २: (सही) काळुराम भोईर, मानपाडा