नाव तेवढं शाळेत

तीर्थरूप दादा,

तुझ्या पायांना लांबूनच नमस्कार. जवळून केला की तू शाळेचा विषय काढतोस. गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला गेला का? आमचं बरं चाललंय असं सांगणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

तुला ठाऊकच आहे, गुंडीला मी शाळेत घातलं नाही. (तू मास्तर, त्यामुळे 'सक्ती हवीच' हे तुझं पालुपद. मी पडले शिंपीण.) नऊ वर्षांची पोर, पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेने छातीचं माप सांगते. तिला आणखी काय शिकवायचं? पण गेल्या वर्षी शाळेचा तपासनीस आला. कायदा आहे म्हणाला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसला. तासभर झाला तरी उठेचना. शेवटी वैतागून म्हटलं, बाबा रे, नाव तेवढं घेऊन जा, पोरगी मी देणार नाही. त्याने शांतपणे नाव लिहून घेतलं, माझा अंगठा घेतला आणि गेला. मला वाटलं, चला, ब्याद टळली!

त्या दिवसापासून गुंडी खऱ्या नावाला ओ देईना. गुंडी म्हटलं की धावत येते. ते नाव घेतलं की दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखी दाराकडे बघते. मी म्हटलं, लाडावलीय. मग गेल्या सोमवारी शाळेतून निरोप आला, मुलीची एकही गैरहजेरी नाही, कौतुकाला या. मी पदर खोचून भांडायलाच गेले. बाई हजेरी घेत होत्या. नाव आलं, आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावरून 'हजर' ऐकू आलं. आवाज माझ्याच पोरीचा, पण इस्त्री केलेला. "इतकी शांत मुलगी वर्गात दुसरी नाही," बाई म्हणाल्या. (बाकावर कुणी नाही, आणि यांना शिस्तीचं कौतुक!)

तडक घर गाठलं. तर माझ्यामागून ती आत आली, चपला जोडीने लावल्या आणि "आई, मी आले" म्हणाली. हुबेहूब गुंडी, फक्त नखं कापलेली. (खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. गुंडीने उभ्या जन्मात चपला जोडीने लावल्या नाहीत.) पण गुंडी जी मशीनमागे दडली, ती बाहेर येईना. आज सकाळी गिऱ्हाईक आलं तर गुंडीला तिथून मापही सांगता आलं नाही. दादा, मला फार भीती वाटते रे. मला माझीच पोर हवी.

तुझी धाकटी

ता.क. खरं काम असं, की पटावरचं नाव काढायला दुसऱ्या शाळेला दाखला मागवावा लागतो म्हणे. तर तू तुझ्या शाळेत या चपला जोडीने लावणारीचं नाव घाल आणि हिला घेऊन जा. सक्तीची तुला हौस आहेच. मला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्रही हिच्याकडूनच लिहून घेतलंय. मुकाट्याने लिहिते बिचारी.

ता.क. २. मामा, आईने शेवटी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. ते विषयाला सोडून होतं, म्हणून मी गाळलं. कृपया दाखला मागवू नये. मशीनमागे मी नीट पाहिलं, तिथे कुणी नाही. आई मात्र आत हात घालून मोठमोठ्याने हाका मारतेय. तिला मी समजावलं आहे, आधी हात वर करायचा, मगच बोलायचं.