ऑप्टिकल स्विचच्या गळतीतून बोललेला माणूस

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता (स्विचिंग),
सागरतंतू फायबर सेवा,
विभागीय कार्यालय, रत्नागिरी.

अर्जदार : गंगाराम भिकाजी पाडावे, वय ७९, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, मु. कातळवाडी, ता. जि. रत्नागिरी.

विषय : ऑप्टिकल स्विचमधील क्रॉसटॉक शून्य असल्याचा दाखला मिळणेबाबत, तो देता येत नसल्यास माझ्या जोडणीची नोंद दुरुस्त होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : आपले न्यायालयास दिलेले पत्र, जा. क्र. स्विच/२१४, दि. १९/१२/२०२५.

महोदय,

विषय वर एका ओळीत लिहिला आहे, पण तो एका ओळीत मावणारा नाही. म्हणून सविस्तर निवेदन खालीलप्रमाणे सादर करतो.

१. मी जुन्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे ट्रंक कॉल जोडले. त्या काळी तांब्याच्या तारा एकमेकींना लागत आणि खेडच्या व्यापाऱ्याचे बोलणे देवरूखच्या व्याह्याला ऐकू जाई. त्याला आम्ही क्रॉस कनेक्शन म्हणत असू. मी त्यावर जे ऐकले ते वाडीला सांगितले, जे ऐकले नाही तेही सांगितले. एकदा एडनहून आलेल्या कॉलमधून तळलेल्या सुरमईचा वास आला होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. सदर शपथेचा पुढील मजकुराशी संबंध नाही.

२. सप्टेंबर २०२४ मध्ये देवळाजवळच्या आपल्या केबिनवर नोटीस लागली की, ऑप्टिकल स्विचमधील क्रॉसटॉक कमी करण्याचे काम दि. १५/१२/२०२४ पर्यंत पूर्ण होईल. आपल्या कनिष्ठ अभियंता मृणाली मॅडम यांना वाडीने क्रॉसटॉक म्हणजे काय ते विचारले. त्यांनी सांगितले की, केसासारख्या काचेच्या तारेतून प्रकाश येतो, स्विचमधले बारीक आरसे त्याला या दाराने की त्या दाराने जायचे ते ठरवून देतात. पण थोडा प्रकाश चुकार निघतो आणि शेजारच्या दारात शिरतो. देवळाचे आप्पा गुरव म्हणाले, म्हणजे आमचा कौलच की. देवाला दोन्ही अंगांना कळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहायचे. मॅडम म्हणाल्या, तसेच समजा, फक्त इथे उजवी पडताना डावीतलाही कण गळतो. आज हजारातला एक भाग गळतो. आता एकामागे एक दोन स्विच बसवू आणि रिकामी दारे बुजवू, म्हणजे हजाराचा हजारावा भाग उरेल. त्यापुढे त्यांनी स्पष्ट सांगितले की, या गळतीने यंत्राचे आकडे चुकतात, कोणाचे बोलणे कोणाला ऐकू जात नाही. वाडीने पहिला भाग लक्ष देऊन ऐकला. दुसऱ्या भागाच्या वेळी एस.टी. आली.

३. माझ्या शेजारी येसूबाई मायंगडे राहतात. त्यांचा मुलगा दर्शन जहाजावर खलाशी होता. दि. ११/३/२०१८ रोजी सकाळी तो जहाजावर सापडला नाही. डेकवर चपला होत्या, माणूस नव्हता. त्याची बायको सानिका, आज वय ३१, मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एस.टी.च्या थांब्यावर मी वरील सुरमईची हकीकत सांगत असता ती हसून म्हणाली, "आजोबा, तुमच्या थापा ऐकायला जिवंत माणसं उरली नाहीत. आता समुद्रातल्यांना सांगा." थांब्यावर अकरा माणसे होती. अकराही हसली.

४. दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर मी समुद्रातल्याला बोलता केला. सांगितले की, स्विचच्या गळतीतून माझ्या लाइनवर दर्शनचा आवाज आला, तो कोणाला तरी घरच्या सोलकढीची आठवण सांगत होता. मी हे सावकाश सांगितले. चांगल्या गोष्टीत जिथे थांबायचे असते तिथे थांबलो आणि थांबलो तेव्हा सानिकाच्या तोंडाकडे पाहिले. तिचे हसू गेले होते. त्या दिवशी मला जेवण गोड लागले. ही तक्रार नसून कबुली आहे.

त्यानंतर सात आठवडे मी दर्शनला वाढवले. बंदरावर खोली दिली, डावा पाय थोडा अधू केला, दाढी ठेवली. सानिका थांब्यावर यायची बंद झाली तेव्हा हकीकत येसूबाईंमार्फत घरपोच करू लागलो. तो कोणाशी बोलतो आणि घरी फोन का करत नाही, असे वाडीत एकानेही विचारले नाही. आपल्या नोटिशीवर शिक्का होता, तेवढे वाडीला पुरले.

५. एप्रिल २०२५ मध्ये सानिकाने न्यायालयात दावा लावला. ज्याची खबर त्याच्या माणसांना सात वर्षे मिळाली नाही, त्याला मृत धरावे असा कायदा आहे, त्याप्रमाणे दर्शनला मृत धरावे अशी तिची मागणी आहे. देवरूखच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारे एक गृहस्थ तिच्याशी लग्नासाठी दोन वर्षे थांबले आहेत. येसूबाईंनी हरकत घेतली की खबर मिळाली आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गंगाराम पाडावे यांच्या लाइनवर. पुरावा म्हणून आपल्या नोटिशीचा फोटो जोडला. ही हरकत टिकली तर सात वर्षे तिथून मोजली जातील, म्हणजे २०३१ उजाडेल.

६. चूक लक्षात आल्यावर मी ती माझ्या पद्धतीने निस्तरू पाहिली. मे महिन्यात दर्शनला ताप आणला आणि तीन दिवसांत मारला. बातमी घेऊन थांब्यावर गेलो. आप्पा गुरव मला म्हणाले, "गंगारामा, आता लाइन सुधारली. हजाराचा हजारावा भाग. आता तू काय ऐकणार?" त्याचे जिवंत असणे गळती कमी होण्यापूर्वीचे, म्हणून खरे. त्याचे मरण गळती कमी झाल्यानंतरचे, म्हणून थाप. आपल्या कार्यालयाच्या सुधारणेने माणूस असा अडकला की त्याला मारायलाही वाट ठेवली नाही.

७. मग न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की मी काहीही ऐकलेले नाही. येसूबाईंच्या वकिलांनी विचारले, तुम्ही थापा मारता अशी तुमची ख्याती आहे, हे खरे का. मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग आजची थाप कोणती ते आम्ही कसे ओळखावे. न्यायालयाने आपला अभिप्राय मागवला. आपल्या पत्रात दोन वाक्ये आहेत : (अ) सुधारणेनंतर क्रॉसटॉक दहा लाखांत एक भाग इतका कमी झाला असून तो पूर्णतः शून्य होता अथवा आहे, असे प्रमाणित करता येत नाही. (ब) श्री. पाडावे यांची जोडणी दि. २६/१/२०२४ पासून कार्यान्वित असल्याचे अभिलेखावरून दिसते.

८. वाक्य (अ) बद्दल माझे भांडण नाही. मृणाली मॅडम मला म्हणाल्या की शून्य कोणत्याच यंत्राच्या काट्यावर दिसत नाही. शिकलेल्या माणसाने खरे बोलावे. पण त्या दहा लाखांतल्या एका भागात एक बाई बसून आहे, एवढे आपल्या निदर्शनास आणतो.

वाक्य (ब) मात्र खोटे आहे. दि. २६/१/२०२४ रोजी आपले दोन कर्मचारी माझ्या घरी आले. त्यांनी भिंतीला डबा ठोकला, तार खिडकीपर्यंत आणली आणि सांगितले की जोडायचे मशीन दुसऱ्या वाडीत अडकले आहे, उद्या जोडतो, सही आज करा, कातळवाडीच्या शंभर टक्के जोडण्या झाल्याचे आजच वर कळवायचे आहे. मी 'जोडणी चालू मिळाली' याखाली सही केली. तो उद्या अजून आलेला नाही. डब्याचा दिवा लागतो, कारण डबा प्लगात आहे. तारेचे टोक तांदळाच्या पिंपामागे, बुचासकट, जसेच्या तसे राहिले. त्यात आजवर प्रकाशाचा एक कण शिरलेला नाही, गळणार कोठून?

हे मी न्यायालयात लाजेने सांगितले नाही. दुसऱ्यांचे ऐकून ज्याने आयुष्य काढले त्याच्या घरी तारच नाही, हे चारचौघांत कसे सांगावे? आता सांगायला तयार आहे, तर सानिकाचे वकील म्हणतात की कार्यालयाच्या नोंदीशिवाय ती आणखी एक थाप ठरेल. आपल्या कार्यालयात समक्ष विनंती केली असता सांगण्यात आले की एक नोंद बदलली तर शंभर टक्के राहत नाहीत, शिवाय सही तुमचीच आहे. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण एकीचीही फाइल झाली नव्हती.

९. मी येसूबाईंच्या दारात जाऊन हरकत काढून घ्या म्हणून हात जोडले. त्या आमसुले निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, माझ्या पोराला सोलकढीचा वास सोसायचा नाय. तुमी त्याला तिची आठवन काढायला लावलीत तवाच मी ओळखलं. पन तुमी चारचौघांत बोल्लात, ते माझ्या कामाला आलं. तो गेला ते मला सात वर्षं ठाव हाय. ही सून पन गेली तर माझं कोन करील?" मग त्यांनी मला घरी न्यायला मूठभर आमसुले दिली.

१०. सानिकाला मी तारेचे टोक दाखवले. तिने ते हातात घेऊन पाहिले. शिवी दिली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "आजोबा, पुन्हा बोलणं झालं तर त्यालाच विचारा, मी अजून किती थांबायचं." आणि ती हसली. थांब्यावर हसली होती तशी नाही.

सबब विनंती की, पुढील तारीख दि. २७/१/२०२६ आहे. तत्पूर्वी माझी जोडणी कधीही कार्यान्वित नव्हती, अशी एक ओळ लेखी द्यावी. शंभराचे नव्व्याण्णव झाल्याने कातळवाडीत कोणाचे काही अडणार नाही. हे शक्य नसल्यास क्रॉसटॉक शून्य होता असे तरी लिहावे. ते खोटे आहे हे मला माहीत आहे. पण मी हजारो बोललो, आपल्याला एकच बोलायचे आहे, आणि आपल्यावर लोक विश्वास ठेवतात.

यापैकी काहीच होणार नसेल, तर निदान कोणाला पाठवून तार जोडून द्यावी. २०३१ पर्यंत येसूबाई रोज संध्याकाळी, वाडी ऐकेल अशा आवाजात, दर्शन आज काय म्हणाला ते विचारणार आहेत, आणि मला काहीतरी सांगावे लागणार आहे.

आपला नम्र, आणि या एका अर्जापुरता खरा,

(सही)
गंगाराम भिकाजी पाडावे
कातळवाडी, दि. ९/१/२०२६

सोबत :
१) आपल्या नोटिशीचा फोटो.
२) माझ्या सहीच्या पावतीची झेरॉक्स.
३) तारेचे टोक, बुचासह, वीतभर. (हे आज कापले आहे. जोडलेले कधीच नव्हते.)