शिळा पाऊस

४ ऑक्टोबर
लेकीने टाईप केलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. "बाबा, प्रकाशक तुमच्या सहीसाठी थांबलेत. आईचं पुस्तक आहे, वाचा तरी." दोनशे बारा पानं. तिची आई जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. एवढं तिने लिहिलं कधी? मी ड्यूटीवर असताना. दुसरं काय!
आणि युद्धावरची कादंबरी! हिने उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. वरच्या मजल्यावरच्या मेजरांनी धरली आहे. दुपारी ही वर जायची गप्पांना, ते मला ठाऊक होतं. गप्पा म्हणजे हे, ते ठाऊक नव्हतं.

५ ऑक्टोबर
साठ पानं झाली. तोफा पाच ओळींत आटोपतात. बाकी सगळं ओलं. एक माळा, तिथे लपलेला सैनिक, खाली घर सांभाळणारी बाई. पाऊस लागला की बाई दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासते. कोरडा वारा सुटला की सैनिकाला बोलायची हुक्की येते, आणि तो नको ते बोलतो. धुकं पडलं त्या दिवशी दोघांनी एकमेकांना माफ केलं — का, ते कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं धुकं लिहिलंय. तरी कळतं.
मी सत्तावीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक आहे. धुकं म्हणजे एक किलोमीटरच्या पलीकडचं न दिसणं. माफीबिफीचा रकाना आमच्याकडे नाही.

७ ऑक्टोबर
मेजर आले होते. खुर्चीत ऐसपैस बसले.
"वहिनींना मी सगळं सांगायचो हो! तो चिखल माझा, ते धुकं माझं. माळ्यावरचा ओल्या घोंगडीचा वाससुद्धा माझाच!" वर हसले. "तुम्ही पडलात आकडेवाले. आकडे ऐकून कुणाच्या पोटात गोळा येतो का?"
मी विचारलं, "साखर किती?" तेवढंच सुचलं.
ते गेल्यावर अंगाचा नुसता तिळपापड. घरात पाऊस मोजणारा नवरा, आणि ही जिना चढून दुसऱ्याला पाऊस विचारते! मला एकदाही विचारलं नाही. एकदाही!

८ ऑक्टोबर
वाचलं नाही.

१० ऑक्टोबर
आज १२.६ मिलिमीटर. पडला काल संध्याकाळी. आमच्याकडे सकाळी साडेआठला माप घेतात आणि त्या सकाळच्याच तारखेला लिहितात, पाऊस आदल्या दिवसाचा असला तरी. नियमच तसा. घरी आलो की तोच आकडा माझ्या वहीत उतरवतो. जुनी सवय. खालच्या कप्प्यात सत्तावीस वह्या आहेत, धूळ सोडली तर त्यांना कुणी हात लावत नाही.
ती हसायची. "काल पडला आणि आज लिहिता? अहो, तुमचा पाऊस नेहमी शिळा!"
आता उतरवताना कुणी हसत नाही. तरी उतरवला.

१३ ऑक्टोबर
नववं प्रकरण. प्रत्येक प्रकरणावर तारीख आहे, यावर ९ मार्च. संध्याकाळी गारा पडतात. बाई पहिल्यांदाच शिडी चढून माळ्यावर जाते. पत्र्यावर इतका आवाज की एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही — म्हणून दोघंही सगळं सांगून टाकतात.
हे वाचून उठलो, भांडी घासली, परत बसलो.
गेल्या वर्षी मार्चमध्ये गारा झाल्या होत्या. ही कादंबरी लिहीत होती, ते तेच वर्ष. मी ड्यूटीवर अडकलो होतो. घरी फोन केला तर म्हणाली, "काळजी करू नका, मेजर खाली येऊन बसलेत सोबतीला." मला तेव्हा बरंच वाटलं होतं! आभारही मानले होते त्यांचे! आमच्याही स्वयंपाकघरावर पत्राच आहे.
सही करणार नाही.

१४ ऑक्टोबर
लेकीचा फोन. "आईला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि तुम्ही तिच्याशी भांडताय?"
"मी कुठे भांडतोय?"
"गप्प बसलायत. तुमचं भांडण तेच असतं."
मी फोन ठेवला.

१६ ऑक्टोबर
मेजर पुन्हा हजर. लेकीने त्यांनाही एक प्रत दिली आहे, हे मला आज कळलं. पान दुमडून आणलं होतं.
"एक चूक राहिलीय बघा. गारा आठला पडल्या, नऊला नाही. आठला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गारांमुळे रिक्षा मिळेना, म्हणून तर खाली येऊन बसलो. नऊला लख्ख ऊन. छापायच्या आधी दुरुस्त करा. त्या संध्याकाळी मी होतो ना इथे!"
होतात. माहीत आहे.
ते गेल्या गेल्या खालचा कप्पा उघडला. गेल्या वर्षीची वही. ९ मार्च — ३१.४, गारांसह. पुस्तक बरोबर, मेजर चूक! असा आनंद महिन्यात झाला नव्हता. वही काखेत मारून त्यांच्या तोंडावर दाखवायला जिना चढू लागलो.
चौथ्या पायरीवर थांबलो. वहीत नऊला लिहिलेला, म्हणजे आठच्या संध्याकाळी पडलेला. तिथेच बसलो.

१७ ऑक्टोबर
सही केली. मेजरांना म्हटलं, तारीख आहे तशीच राहू द्या.
कादंबरीत पाऊस अकरा दिवस पडतो. अकराही दिवस वहीशी ताडून पाहिले. सगळे शिळे.