नदीकाठचा जुना भाग

१२ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ठोंब्या,

पंचेचाळिशीच्या माणसाला अशी हाक मारू नये हे कळतं, पण पेन हातात घेतलं की हेच उमटतं. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी ठीक आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. बाबा जाऊन चार महिने झाले, दुकान बंदच आहे. काचा, लाकडी पट्ट्या, लोकांनी फ्रेम करायला दिलेले फोटो, सगळं बाबांनी ठेवलं तसंच. काल एक बाई लग्नाचा फोटो परत मागायला आल्या. शोधून दिला, फ्रेमशिवायच. "तुमच्या बाबांच्या हातची हवी होती हो," म्हणाल्या.

साप्ताहिकातलं माझं 'ऐकण्याजोगं' सदर चालू आहे. निसर्ग, श्रद्धा, शेतशिवार. आठवडाभरात रेडिओवर लागणारे सात-आठ कार्यक्रम निवडायचे आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहायच्या. संपादक म्हणतात, वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं मलाच येतात. त्यातली निम्मी वेळ चुकीची छापल्याबद्दल असतात, हे ते सांगत नाहीत. या आठवड्यात डोंगरातल्या मेंढपाळांवर एक कार्यक्रम आहे, आणि ज्यांना प्रार्थना जमत नाही अशा माणसांसाठी एका म्हाताऱ्या धर्मगुरूंचं बोलणं आहे. ते जरूर ऐक. माझं सांगितलेलं तू ऐकत नाहीस, पण सांगायची खोड माझी जात नाही.

तू लिहिलंस, रेडिओवरचा तुझा रविवारचा कार्यक्रम सोडतोयस. "ज्यांनी ऐकावं म्हणून इतकी वर्षं बोललो, त्यांनी एकदाही ऐकलं नाही. आता कोणासाठी?" हे वाचलं, पत्राची घडी केली आणि भांडी घासायला घेतली. घासून ठेवलेलीसुद्धा परत घासली.

बाबा ऐकायचे. दर रविवारी.

सकाळी साडेसहाला प्रवचन लागायचं. "देवाचे चार शब्द कानावर पडू देत," म्हणत रेडिओ लावायचे. आपले बाबा किती देवभोळे होते ते तुला ठाऊक आहे. प्रवचन संपलं की रेडिओ बंद करायला विसरायचे. काच कापताना जो माणूस केसभर चुकला नाही, तो दर रविवारी रेडिओ बंद करायला विसरायचा. मग सात वाजता तुझा आवाज. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, म्हणजे त्यांना विसरणं सोपं जायचं. तुझं संपत आलं की घाईघाईने बटण फिरवायचे आणि मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "अगं, हे चालूच राहिलं वाटतं."

दुकान सोडून तू रानातले आवाज गोळा करायला निघालास तेव्हा ते जे बोलले, ते तू अकरा वर्षं धरून बसलास. आणि ते म्हणायचे, तो आपणहून बोलायला येईल तेव्हा बघू. दोघेही एकाच साच्यातले. मधे मी होते. मी तुला सांगू शकले असते. नाही सांगितलं. औषधं, आंघोळ, अंथरूण सगळं माझ्याकडे आणि रविवारचा कान तेवढा तुझ्याकडे, हे मला सोसत नव्हतं. झालं लिहून.

पण खरी गोष्ट ही नाही. ती पुढे आहे, आणि तीन दिवस मी तिच्याभोवती घुटमळतेय.

रेडिओ केंद्राकडून मला जी यादी येते, तिच्यात जुन्या भागांपुढे 'पुनःप्रसारण' असं लिहिलेलं असतं. सदरात तो शब्द मी गाळते. संपादकांचा नियमच आहे; शिळं म्हटलं की लोक ऐकत नाहीत. बाबा माझं सदर भिंग लावून वाचायचे, त्यामुळे त्यांच्या लेखी सगळंच ताजं. त्या शेवटच्या रविवारचा तुझा भाग दोन वर्षांपूर्वीचा होता. तो मीच निवडला होता. तू रजेवर होतास, बसने दीड तासावर, तुझ्या घरी. खिडक्यांना रंग देतोय म्हणून गुरुवारी फोनवर बोलला होतास. "बाबा कसे आहेत?" विचारलंस, मी म्हणाले, "आहेत तसेच."

शनिवारी डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. रविवारी तुझा कार्यक्रम संपला की तुला फोन करायचा, असं मी ठरवलं होतं. रेडिओवर तू म्हणालास, मी आत्ता नदीत गुडघाभर पाण्यात उभा आहे, उजाडतंय. बाबांनी डोळे उघडले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"त्याला बोलाव," म्हणाले.

मी फोनकडे निघाले, तर मागून म्हणतात, "थांब. पाण्यात उभा आहे ना तो आत्ता? एवढ्या लांबून कसा येणार. काम होऊ दे त्याचं. केव्हा संपेल गं?"

बाबा, हे जुनं आहे, तो घरीच आहे. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "दोन-तीन दिवस लागतील."

मला राग आला होता. तीन वर्षं त्यांचं सगळं मी केलं आणि चेहरा फुलला तो तुझ्या नदीने. वाटलं, आजचा एक दिवस तरी ते फक्त माझे असू देत. दुपारी फोन करते म्हटलं, मग संध्याकाळी म्हटलं. सोमवारी सकाळी धाप लागली, आणि अकराच्या सुमाराला मी तुला फोन केला तो ते गेल्यावर.

त्या दुपारी तू आलास आणि फाटकापाशीच विचारलंस, "माझं नाव काढलं का त्यांनी?" मी म्हणाले, "शुद्धच नव्हती रे." शुद्ध होती. शेवटपर्यंत होती.

माफी मागत नाही. मागितली तर तू भिडेखातर देशील, आणि मला ती तशी नको. कार्यक्रम सोडायचा असेल तर सोड. पण त्यांनी ऐकलं नाही म्हणून सोडू नकोस. ते खोटं आहे, आणि ते तुझ्या मनात मी राहू दिलं.

एक निरोप राहिलाय. रेडिओ बंद केल्यावर म्हणाले, "आवाज बसलाय त्याचा. सर्दी झालेली दिसते. बाहेर आला की आधी पाय कोरडे कर म्हणावं, आणि काहीतरी गरम पी म्हणावं." मी म्हटलं, सांगते. ती सर्दी दोन वर्षांपूर्वीच गेली असणार, पण निरोप तुझा आहे. म्हणून आज सांगते, पाय कोरडे कर. काहीतरी गरम पी.

उशिरा सांगणारी,
ताई